गिझी शेळीचा उंचवटा

आमच्या आल्माशकूत गावात छापील कागदावर नाव यायचं, तर माणसाला लग्न तरी करावं लागतं नाहीतर मरावं तरी लागतं. वेरोन नेनीने यातलं काहीही नव्याने न करता सोळा वर्षं, दर तीन महिन्यांनी, आपलं नाव छापून आणलं. तेही शेळीच्या जिवावर.

ग्रामकचेरीच्या भिंतीवर एक काचेची पेटी आहे. तिच्यात मोजणीचा तक्ता लागतो. विहिरीचं पाणी, गवत, मध, ओढ्यातले मासे आणि बरोब्बर मधोमध: "दूध (शेळी), दाराडिच वेरोन, नमुना क्रमांक चार." दुकानात जाताना नेनी तिथे थांबायची आणि ॲप्रनच्या टोकाने काच पुसायची. सगळी काच नाही. आपल्या नावापुरती.

आमच्याकडे आडनाव आधी लिहितात, आणि नेनी म्हणजे आमच्याकडची मावशी. बाई वयाने मोठी झाली की तिच्या नावाला नेनी चिकटतं, पुरुष असेल तर बाची. मी वेरोनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, शिवाय चाळीस वर्षं या गावात टपाल वाटलेलं, त्यामुळे तिला नुसतं वेरोन म्हणायचा मला हक्क आहे. पण हे छापून आलं तर ती काठी घेऊन माझ्या दारात उभी राहील, म्हणून लिहिताना तरी नेनीच म्हणतो.

तर हा तक्ता कशाचा? आमच्या मागच्या डोंगरात, अडीचशे मीटर खाली, ग्रॅनाइटमध्ये भुयार खणलंय. नदीकाठच्या अणुवीज केंद्रातला कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा तिथे पुरतात. म्हणजे तिथल्या कामगारांचे हातमोजे, बंड्या, फरशी पुसायची फडकी, गाळण्या, असला माल. पिंपात दाबायचा, सिमेंट ओतायचं, पिंपं खाली नेऊन रचायची. आमच्याकडे घरटी एक वाइनचं तळघर. त्यामुळे सरकारी माणसं जेव्हा "डोंगरात एक मोठं तळघर खणू का" असं विचारायला आली, तेव्हा गाव काही दचकलं नाही.

"आत काय ठेवणार?" आगोश्तोन बाचीने विचारलं होतं.

"वापरलेले हातमोजे वगैरे."

"किती वर्षं?"

"काहीशे वर्षं तरी."

"एवढं मुरवून पिणार कोण?"

मतदान झालं. बहुतेकांनी हो म्हटलं. आगोश्तोन बाचीने नाही म्हटलं, आणि तेव्हापासून तो रोज नाही म्हणतो, अगदी "कॉफी घेणार का" विचारलं तरी. पण गावाने हो म्हणताना एक अट घातली. पिंपं तुमची, पण मोजणी आमच्या जिनसांची. आमच्या विहिरीचं पाणी, आमच्या गवतावर चरलेल्या शेळीचं दूध. बाहेरून आणलेलं काही मोजायचं नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नमुने न्यायला प्रयोगशाळेतून क्रेलिंग ओत्तो यायचा. पन्नाशी उलटलेला, काडीसारखा माणूस, शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यात लावलेलं, हातात निळी थंड पेटी. गुडघे गेलेले. वेरोन नेनीचं घर टेकाडावर, चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर. ओत्तो प्रत्येक वेळी त्या चढायचा, वर पोचून कठड्याला धरायचा, आणि दम लागलेल्या आवाजात पहिला प्रश्न विचारायचा, "गिझी कशी आहे?"

"मीही बरी आहे हो," नेनी म्हणायची.

गिझी ही शेळी. पहिली काही वर्षं तिची आई दूध द्यायची, तिचंही नाव गिझीच. तिला अळंबीचं वेड. शरद ऋतू आला की ती जंगलात सुटायची आणि लाकूडफाट्याखालची अळंबी हुंगून हुंगून खायची. आता १९८६ साली पूर्वेकडची ती अणुभट्टी जळाली, तिचा ढग आमच्यावरूनही गेला होता, पाऊस पडला होता, आणि सीझियम नावाचा एक किरणोत्सारी पाहुणा तेव्हापासून जंगलाच्या मातीत मुक्कामाला आहे. अळंबी तो शोषून घेते, अळंबी गिझी खाते, आणि मग दर शरदात गिझीच्या दुधात त्याचा माग सापडतो. भुयाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. एवढुसा माग. "याने त्रास व्हायला हे दूध रोज बादलीने प्यावं लागेल," ओत्तो समजावून सांगायचा, "आणि तसं प्यायलं तर माणूस आधी पोट फुटून जाईल."

पण आलेखावर तो माग दिसायचा. सपाट रेघ चाललीय, चाललीय, आणि ऑक्टोबरात एक टेंगूळ. प्रयोगशाळेतली माणसं त्याला "गिझीचा उंचवटा" म्हणायची, गावही म्हणायला लागलं.

"उंचवटा आला का?"

"आला."

"मग ठीक."

बाहेरच्या माणसाला हे वेडगळ वाटेल. दुधात सीझियम दिसलं आणि लोक म्हणतात ठीक! पण आमचं गणित सरळ होतं. जे लोक इतकं बारीक टेंगूळसुद्धा लपवत नाहीत, ते मोठं काही लपवणार नाहीत. दुसरं म्हणजे आम्ही तळघराची माणसं. द्राक्षाचा रस आंबायला लागला की तळघरात एक वायू साठतो. रंग नाही, वास नाही. म्हणून आमच्याकडे खाली उतरताना पेटती मेणबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरतात. ज्योत मिणमिणली की पाठ फिरवायची आणि वर यायचं, पिंपाची तोटी उघडी राहिली तरी. भुयारातल्या कचऱ्याने आजवर गावातलं एक कोंबडंही मेलेलं नाही. तळघरांनी माझ्या हयातीत चार माणसं नेली. तरी लोक भुयाराचं नाव काढलं की छातीवर क्रूस करतात आणि तळघरात शीळ घालत उतरतात.

त्या चारांतला एक वेरोन नेनीचा नवरा देनेश. एकोणीस वर्षं झाली. मेण सांडून नवी पँट खराब होते म्हणून तो विजेरी घेऊन उतरला. विजेरी शेवटपर्यंत छान जळत होती. आगोश्तोन बाचीने त्याला वर ओढून काढलं, तेव्हाही जळत होती.

असो. गोष्ट शेळीची आहे.

गेल्या वर्षी गिझी तेराची झाली आणि ऑगस्टमध्ये भाकड झाली. थेंब नाही. कुठल्याही शहाण्या बाईने ओत्तोला फोन करून सांगितलं असतं, "बाबा रे, आटली." पण कुंपणापलीकडे, जिथवर मागचा गाडीरस्ता येतो तिथे, हुफनागेल रेगिना राहत होती, आणि रेगिनाने त्याच उन्हाळ्यात दोन पांढऱ्या शुभ्र शेळ्या आणल्या होत्या. हुफनागेल मंडळी मूळची जर्मन, श्वाब. त्यांच्याकडे स्वच्छता हा धर्म आहे, चर्च त्यानंतर. रेगिना शेळ्यांना शनिवारी आंघोळ घालायची. वेरोन नेनी सेकेय, पूर्वेकडून गाडीत गाठोडी बांधून आलेल्यांची लेक. आधीच ती श्वाबांपुढे दबायची नाही, त्यात रेगिनाने ओत्तोला एकदा कुंपणावरून ऐकवलं होतं, "साहेब, तुम्हाला कधी दूध लागलं तर सांगा. माझ्याकडे पायऱ्या नाहीत."

म्हणजे सोळा वर्षांची काचेतली जागा गेलीच म्हणायची. नेनीच्या जिवाला ते लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी मी तालुक्याच्या गावी मोठ्या दुकानात गेलो होतो. नेनी रांगेत माझ्या पुढे. पिशवीत कोबीचा मोठा गड्डा, आणि गड्ड्याखालून शेळीच्या दुधाचे दोन डबे डोकावत होते. डब्यावर हसऱ्या शेळीचं चित्र, खाली पत्ता देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा.

"काय वेरोन," मी म्हटलं, "गिझीला नातेवाईक भेटायला येणार आहेत का?"

तिने कोबी डब्यांवर दाबला. "बेनेदेक, तुझं नाक टपालाच्या पेटीत अडकून तुटलं असतं तर गाव सुखी झालं असतं."

"दूध कुणाला गं?"

"खसखशीच्या रेतेशमध्ये घालणार आहे. उद्या ये खायला."

रेतेश म्हणजे पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, आत खसखस आणि साखर. नेनीच्या हातचा रेतेश म्हणजे माझी कमजोरी, हे ती जाणून आहे. मी गेलो. खाल्लं. गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची किंमत दर रविवारी एक ताटली अशी ठरली, न बोलता. मला लाज वाटायला हवी होती, पण तोंड भरलेलं होतं.

ऑक्टोबर लागताच ओत्तो चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून आला. नेनीने दूध तयार ठेवलं होतं, बादलीत ओतून, वर दोन गवताच्या काड्या आणि एक शेळीचा केस टाकून. कलाकार बाई! गिझी अंगणातच होती, पण तिची सुकलेली कास दिसू नये म्हणून तिला देनेशचा जुना ओव्हरकोट घातलेला, बटणं पोटाखाली लावलेली.

ओत्तोने बाटली भरली, चिठ्ठी लावली, पेन्सिलीने वेळ टाकली. "गिझी बरी नाही का?"

"सर्दी आहे."

"काळजी घ्या हो तिची," ओत्तो म्हणाला, आणि कोटाची वरची गुंडीही लावून गेला.

कुंपणापलीकडून रेगिना सगळं पाहत होती.

"काय गं वेरोन, शेळीला सर्दी?"

"तुला होते तर चालते, तिला झाली तर तुझं काय गेलं?"

"नाही, कोट कासेखालपर्यंत आलाय. सर्दी तिथपर्यंत उतरली का?"

"तू तुझ्या राण्यांची नखं रंगव जा!"

आठवड्याने निकाल आला. सीझियम: मोजता येण्याच्या मर्यादेखाली. म्हणजे काहीच नाही. ज्या ऑक्टोबरात उंचवटा यायचा, त्या ऑक्टोबरात रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट.

नेनीला वाटलं होतं, स्वच्छ निकाल आला म्हणजे सगळे खूश होतील. दूध शुद्ध निघालं, आणखी काय पाहिजे? पण गाव त्या काचेच्या पेटीपुढे असं जमलं की जणू आत मेलेला माणूस ठेवलाय.

"उंचवटा कुठाय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? अळंबी तर यंदा टोपल्यांनी आली. मी स्वतः लोणचं घातलंय."

"मी सांगत होतो!" आगोश्तोन बाची गरजला. वीस वर्षं तो याच क्षणाची वाट पाहत होता, त्याचा चेहरा नवऱ्यामुलासारखा उजळला. "सोळा वर्षं थोडं दाखवलं, आता काहीच दाखवत नाहीत! माणूस कधी एकदम साफ होतो? काही लपवायचं असलं म्हणजे!"

प्रयोगशाळेने ओत्तोला पुन्हा पाठवलं. पुन्हा चौऱ्याऐंशी पायऱ्या, पुन्हा बादली, पुन्हा दोन काड्या आणि एक केस. नेनीजवळ दुसरा डबा होताच. पुन्हा शून्य. मग मात्र गावात कल्लोळ झाला. भुयार गळतंय, म्हणून कागद धुतले जातायत. भुयारात तडा गेलाय. रेगिनाच्या चुलत बहिणीने शपथेवर सांगितलं की तिची कोंबडी उलटी चालली. लोक विहिरीचं पाणी सोडून बाटलीचं पाणी विकत घ्यायला लागले, बाटल्या घरी आणल्या, आणि एवढं दगदगीचं काम झाल्यावर एक घोट घ्यायला तळघरात उतरले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी माझी ताटली संपवत नेनीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दार वाजलं. ओत्तो. निळी पेटी नाही. गळ्याचं बटण उघडं. ते बघून मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

"बस रे बाबा," नेनी म्हणाली. "रेतेश घे."

"घास उतरत नाही नेनी." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "प्रयोगशाळेत म्हणतात, हे गिझीचं दूध नाहीच. जंगलातल्या शेळीचं दूध ऑक्टोबरात इतकं कोरं असू शकत नाही. दुकानातलं आहे म्हणतात."

नेनीच्या हातातला चमचा थांबला.

"बाटलीला हात फक्त माझा लागतो ना. मग माझ्यावरच आलं. माझे गुडघे दुखतात म्हणून मी पायऱ्या चढलोच नाही, खालच्या दुकानातून बाटली भरली, असं म्हणतात. बावीस वर्षं झाली मला. शनिवारच्या वार्षिक सभेत जाहीर करणार, नमुने घेणारा माणूस बदलला." त्याने खिशातून कोरा कागद काढला. "दोन ओळी लिहून द्याल? क्रेलिंग ओत्तो दोन्ही वेळा माझ्या दारी आला आणि दूध माझ्या हातून घेऊन गेला. एवढंच."

"हे तर खरंच आहे," नेनी हळूच म्हणाली.

"खरं आहे म्हणूनच तर मागतोय."

नेनीने पेन घेतलं. "हे चालत नाही."

ओत्तोने दुसरं दिलं.

"चष्मा कुठं गेला मेला."

"डोक्यावर आहे तुझ्या," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की खसखस घशात अडकली. मग तिने त्या दोन ओळी लिहिल्या, सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात. ओत्तोने कागदाची घडी केली आणि आमच्याकडची जुन्या चालीची माणसं करतात तसं वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ज्या हाताने डबा फोडला होता, त्याच हाताचं.

तो पायऱ्या उतरून जाईपर्यंत आम्ही त्याच्या गुडघ्यांचे आवाज मोजत बसलो.

"एक अक्षरही खोटं नाही लिहिलंस," मी म्हटलं.

"तोंड बंद कर आणि जा."

"ताटलीत अजून एक तुकडा..."

"जा म्हटलं ना!"

मागे वळून पाहिलं तर ती नळाखाली हात घासत होती.

चार दिवसांनी सर्व संतांचा सण आला. त्या दिवशी दुपारी अख्खं गाव स्मशानभूमीत असतं, शेवंतीची फुलं घेऊन, आणि कुणाच्या थडग्याचा दगड कुणापेक्षा चकचकीत आहे याची तपासणी करत. नेनी देनेशच्या थडग्यापुढे वाकून मेणबत्ती पेटवत होती. वारा होता. पेटली की विझायची. सातवी काडी विझली तेव्हा शेजारच्या ओळीतून रेगिना आली.

"घे गं, माझ्याकडे जास्तीची आहे." तिने एक लाल मेणबत्ती पुढे केली. प्लास्टिकची. खाली बटण. "बॅटरीवर चालते. विझायचं नावच नाही. तीन महिने तशीच जळेल."

"विझतच नाही?"

"वारा येवो, पाऊस येवो. विहिरीत टाकलीस तरी जळेल."

मला वाटलं आता भांडण होणार. पण नेनीने ती मेणबत्ती हातात घेतली, बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. देनेशच्या नावाकडे पाहिलं. मग मेणबत्ती थडग्यावर न ठेवता पिशवीत टाकली.

"थडग्यासाठी दिली होती," रेगिना म्हणाली.

"माहितीये मला कशासाठी दिलीस."

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. उभं राहायला जागा नाही. समोर टेबल, टेबलामागे सरपंच आमेंत लोरिंत्स, त्याच्या शेजारी प्रयोगशाळेच्या मुख्य बाई, आणि अगदी टोकाला, खुर्ची टेबलापासून जरा लांब ओढून, ओत्तो. बटण पुन्हा लावलेलं.

सरपंचाने आकडे वाचायला सुरुवात केली तोच पहिल्या रांगेतून आगोश्तोन बाची उठला. "ते पाणी, मासे सोडा. सोळा वर्षं उंचवटा येत होता, यंदा कुठं गेला? अळंब्या संपल्या का तुमची शाई संपली?"

लोकांनी पाय आपटले. मुख्य बाई उठल्या. म्हणाल्या, नमुन्याबद्दल आम्हालाही शंका आहे. भुयारातली सगळी मापकं नीट आहेत, चूक नमुना घेण्यात झालेली दिसते, म्हणून तो घेणारा माणूस बदलायचं ठरलंय. मात्र न्यायाला धरून हेही सांगते की त्यांच्या बाजूने एक साक्ष आलेली आहे. आणि त्यांनी नेनीच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या.

"बघा!" कुणीतरी ओरडलं. "वेरोन नेनी खोटं कशाला बोलेल?"

तिसऱ्या रांगेतली वेरोन नेनी उठली. डोक्याचा रुमाल नीट केला. "कागद खरा आहे," ती म्हणाली. "दूध खोटं आहे."

ती पुढे गेली, पिशवीतून बॅटरीची मेणबत्ती काढली, बटण दाबून टेबलावर ठेवली.

"गिझी ऑगस्टमध्येच आटली. दूध मी दुकानातून आणलं, दोन्ही वेळा. ओत्तो बिचारा दोन्ही वेळा पायऱ्या चढला, त्याच्या गुडघ्यांचा आवाज मी ऐकलाय. बादलीत केसही मीच टाकला." "सोळा वर्षं तुम्ही तळघरातल्या मेणबत्तीसारखं माझ्या शेळीच्या दुधाकडे बघत होता. यंदा मी तुमच्या हातात ही असली मेणबत्ती दिली. कधी न विझणारी. का, तर माझं नाव काचेतून निघू नये म्हणून."

मी आगोश्तोन बाचीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बोलायला इतकी चांगली संधी त्याला कधी मिळाली नव्हती, पण तो त्या लाल दिव्याकडे बघत राहिला आणि हळूच खाली बसला. मग पुढे वाकून त्याने स्वतःच ते बटण बंद केलं.

तेवढ्यात रेगिना उठली.

"म्हणजे तो कोट!" ती किंचाळली. "मी म्हटलं नव्हतं? कासेपर्यंत सर्दी! मी म्हटलं नव्हतं?"

आणि सगळं सभागृह असं हसलं की सरपंचाच्या पाण्याचा ग्लास हिंदकळला. ओत्तो हसला नाही. तो डोळे पुसत होता, आणि पुसता पुसता म्हणाला, "आणि मी वरची गुंडीसुद्धा लावली."

मुख्य बाईंनी तिथल्या तिथे ओत्तोची माफी मागितली. मग घसा साफ करून म्हणाल्या की गिझीला दूध नसल्यामुळे नमुना क्रमांक चारवरून दाराडिच वेरोन यांचं नाव काढावं लागेल. नेनीने मान डोलावली. पोरीसारखी खाली मान घालून उभी होती बाई.

रेगिनाचा हात आधीच वर होता. "माझ्याकडे दोन आहेत. स्वच्छ. आंघोळ घातलेल्या."

"जंगलात चरतात का?" ओत्तोने विचारलं.

"जंगलात? चिखलात? माझ्या शेळ्या?"

"मग त्यांच्या दुधात आमच्या जंगलाचं काहीच दिसणार नाही, रेगिना नेनी. दुकानातल्यासारखंच दूध ते. अळंबी खाणारी शेळी पाहिजे."

"मग मी या कमरेने त्यांना डोंगरात नेऊ?"

गावाला विचार करायला फार वेळ लागला नाही. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. आमच्या गावात कुठल्या ओंडक्याखाली कुठली अळंबी उगवते हे एकाच बाईला माहीत आहे, आणि ती टेबलापुढे उभी होती.

"मी?" वेरोन नेनी म्हणाली. "हिच्या राण्या मी राखू?"

"माझ्या शेळ्या हिच्या हाती?" रेगिना म्हणाली. "ही त्यांना सकाळी धुऊन घेईल का तरी?"

दोघींचं एकाच वेळी सुरू झालं, आणि सभा तिथेच संपली असं सरपंचाने वहीत लिहिलं, कारण पुढचं लिहिण्यासारखं नव्हतं.

यंदाचा शरद तुम्ही पाहायला हवा होता. रोज सकाळी दोन पांढऱ्या शेळ्या रेगिनाच्या फाटकातून निघायच्या, मागे काठी घेऊन नेनी, तिच्यामागे देनेशचा कोट घातलेली गिझी. आता तो कोट काढू द्यायला ती तयारच नाही. संध्याकाळी शेळ्या पोटापर्यंत चिखल घेऊन परत. मग कुंपणावर अर्धा तास आरडाओरडा. कुणी जवळून गेलं तर दोघी थांबायच्या, त्याच्याकडे रागाने बघायच्या, आणि तो गेला की पुन्हा सुरू.

ओत्तो रेगिनाकडे दूध न्यायला आला तेव्हा पायऱ्या नव्हत्या म्हणून त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. "गिझी कशी आहे?" त्याने विचारलं.

निकाल लागला. आलेखावर उंचवटा आला होता, आणि गिझीच्या सोळा वर्षांत कधी नव्हता इतका मोठा. नेनीने शेळ्यांना आपल्या सगळ्या गुप्त जागा दाखवल्या होत्या. तरी ओत्तोच्या बादलीच्या हिशेबात फार फरक पडत नव्हता.

"माझ्या शेळ्यांच्या दुधात इतकं?" रेगिना काचेपुढे हात कमरेवर ठेवून उभी. "काय चारलंस त्यांना, भवाने?"

"तुझ्याच शेळ्या. दिसेल ते खातात. कुणावर गेल्यात बघ."

आगोश्तोन बाची मागून आला, चष्मा लावून बघत राहिला. "आला का?"

"आला," दोघी एकदम म्हणाल्या.

"हं," तो म्हणाला. "तरी माझं मत नाहीच." आणि द्राक्षाचा नवा रस कुठवर आंबलाय बघायला तळघराकडे गेला. खिशातून मेणबत्तीचं टोक बाहेर आलेलं होतं. मेणाची.

तक्त्यावर आता असं छापलंय: "दूध (शेळी), हुफनागेल रेगिना." आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, "चराई, दाराडिच वेरोन." रेगिना गेल्यावर नेनीने इकडेतिकडे पाहिलं, ॲप्रनचं टोक काढलं आणि त्या मुंगीएवढ्या ओळीपुरती काच पुसली. मग जरा थांबून, खाली वाकून, तक्त्याच्या तळाशी "नमुना घेतला, क्रेलिंग ओत्तो" असं लिहिलंय, तेवढी काचही पुसली. तेवढ्यात तिला मी दिसलो.

"काय बघतोस?"

"काही नाही. रविवारी रेतेश आहे का?"

"आता कसली लाच?" ती म्हणाली. "पैसे मोज आणि खा."